रेस दे

१

विसरवाडीच्या चौफुलीवर नवलसिंग गिरासेचं गॅरेज कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. पाटी गंजून पडली त्याला सहा वर्षं झाली. नवी लावायचं त्याच्या मनातही आलं नाही आणि त्यावाचून एकही गिऱ्हाईक कमी झालं नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि दोन मिनिटांत गाडीचं दुखणं सांगायचं, ही त्याची रीत. अलीकडे डाव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून मूठ उजव्या कानाला लावतो. बाकी काही बदललं नाही, असं तो लोकांना सांगतो.

लोक भले आहेत, मान हलवतात. बदललंय ते सगळ्यांना माहीत आहे. गुलाबबाई नाही.

गुलाबबाई त्याची बायको. दुपारी डबा घेऊन यायची, आणि तिने डबा टेबलावर ठेवायच्या आत याची हाक यायची, "बठ वं जरा." मग ती पदर खोचून गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसायची. बाई ठेंगणी, सीट दोन खाचा पुढे ओढल्याशिवाय पाय पुरायचा नाही. नवलसिंग बॉनेट उचलून इंजिनात डोकं घालायचा आणि तिथूनच ओरडायचा, "दे!" की ती ॲक्सिलरेटर दाबायची. गॅरेजच्या भाषेत याला रेस देणं म्हणतात. "सोड!" म्हटलं की पाय उचलायची. दर वेळी "हाव", म्हणजे हो, म्हणायची आणि इंजिन थरथरलं की तिच्या बांगड्या स्टिअरिंगवर किणकिणायच्या. चौफुलीवरचे रिकामटेकडे थट्टा करायचे की नवलसिंगने बायकोला गाडी एक फूट पुढे नेऊ दिली नाही, पण तीस वर्षांत तिने जेवढी रेस दिली तेवढ्यात ती दिल्लीला जाऊन परत आली असती. गुलाबबाई यावर सगळ्यात आधी हसायची.

दोन वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेली. मुलगा सुरतेला बोलावतो, हा जात नाही. हाताखाली कुणी नाही. रेस द्यायला त्याने सागाची एक काठी कापून ठेवली आहे. सीट आणि पॅडलच्या मध्ये ती अडकवायची, पुढे येऊन इंजिन ऐकायचं, परत जाऊन काठी काढायची. काम होतं. पण काठीशी बोलता येत नाही, आणि नवलसिंग दिवसदिवस कुणाशी बोलत नाही.

२

शुक्रवारी दुपारी जिनल गाडी घेऊन आली. बाजारपेठेतल्या अमृतलाल शेठ कापडवाल्यांची ती सून. नवरा दुकानात अडकलेला असतो, म्हणून गाडी हीच चालवते.

"काका, गाडी थरथरते," ती म्हणाली. "उभी असताना ठीक, हळू चालवली तरी ठीक. पण जोरात दाबली की नुसती थडथड. खांडबाऱ्याच्या चढावर तर दात वाजतात. मागे मम्मी असतात, त्यांना सहन होत नाही."

मम्मी म्हणजे तिची सासू प्यारीबाई. दोन्ही किडन्या गेलेल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना नंदुरबारला डायलिसिसला न्यावं लागे.

"कालनी फेरी हुई गई ना?" नवलसिंगने विचारलं.

"हो. पण सोमवारी साडेदहाला पोचायलाच हवं. मागे एकच फेरी चुकली, तर रात्रभर त्यांना श्वास घेता येत नव्हता. मी तर रडायलाच लागले होते."

"सोमवारनी चिंता करू नको, माय. शनवारलेच लई जाजो गाडी."

ती रिक्षाने परत गेली. नवलसिंगने सीट पार मागे सारली, कारण तो सहा फुटी माणूस, आणि गाडी नवापूरच्या रस्त्याला दोन किलोमीटर हाणून आणली. थरथर चाकांची नव्हती; चाकांची असती तर वेगाबरोबर राहिली असती. इथे पाय दाबला की थरथर, पाय उचलला की शांत. गाडी मिसिंग मारत होती, म्हणजे चार सिलिंडरपैकी एक जण भार आला की काम टाकून बसत होता.

तो कोण, हे शोधायची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका सिलिंडरची कॉइल, म्हणजे ठिणगी देणारा भाग, काढून बघायची. चांगल्याची काढली तर इंजिन लंगडतं. ज्याची काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. पहिली काढली, इंजिन लंगडलं. लावली. दुसरी काढली, थोडा फरक पडल्यासारखा वाटला, नक्की कळेना. रेस दिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि काठी होती पलीकडच्या भिंतीला. डोकं इंजिनात, हातात कॉइल, आणि तोंडातून सवयीने शब्द गेला.

"दे."

गाडीने रेस घेतली.

दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढलेली होती आणि इंजिन जसंच्या तसं थरथरत होतं. म्हणजे दुखणं सापडलं. त्या आनंदात नवलसिंग "सोड" म्हणाला, इंजिन खाली आलं, आणि मगच त्याच्या मानेवरचा घाम गार झाला.

३

तो वळसा घालून दाराशी गेला. गाडीत कुणी नव्हतं. बाहेर दुपारचे अडीच वाजलेले, चैत्रातलं ऊन, एक ट्रक सुरतेकडे गेला. चौफुलीवर चिटपाखरू नव्हतं.

नवलसिंग काही भित्रा माणूस नव्हे. त्याने लगेच कारण शोधलं. पेट्रोल गाडीच्या थ्रॉटलमध्ये, म्हणजे हवेच्या झडपेत, काजळी साचली की इंजिन आपसूक रेस घेतं आणि आपसूक खाली येतं, हे त्याने शंभर गाड्यांत पाहिलं होतं. त्याने थ्रॉटल उघडून पाहिलं. काजळी होती, खूप नाही, पण होती. पेट्रोलच्या फडक्याने पुसून काढली आणि मन शांत झालं.

मग सीट दिसली. ती दोन खाचा पुढे होती.

अर्ध्या तासापूर्वी त्यानेच ती मागे सारली होती. त्याने खालचा दांडा हलवून पाहिला, सैल होता. गॅरेजची फरशी पुढच्या गटाराकडे उतरती आहे, सीट आपल्या वजनाने सरकली असणार. हेही कारण पटण्यासारखं होतं. तिथेच दारात उभा राहून पॅडलकडे बघत तो म्हणाला, "दे." काही झालं नाही. पुन्हा म्हणाला. काही नाही. चांगलं झालं, असं तो स्वतःशी पुटपुटला, आणि त्याला इतकं वाईट वाटलं की तो खुर्चीवर बसून राहिला.

चार वाजता उठला. बॉनेट वरच होतं. बॉनेट उचललं की पुढची काच झाकली जाते. बिजागरीपाशी चार बोटांची फट तेवढी राहते, तिच्यातून स्टिअरिंगची वरची कड दिसते. नवलसिंगने त्या फटीकडे पाहिलं नाही. इंजिनात डोकं घातलं, डोळे मिटले.

"गुलाब," तो म्हणाला, "दे."

रेस आली.

४

शनिवारी तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून गॅरेजला आला. पानवाल्याने विचारलंसुद्धा, कुठे लग्नाला निघाले का म्हणून.

सकाळी अकराच्या एसटीच्या कंडक्टरने नवापूरहून पार्सल आणून दिलं. नवी कॉइल. बसवायला दहा मिनिटं लागली असती. नवलसिंगने ती खिशात ठेवली आणि बॉनेट उघडलं.

त्या दिवशी तो जेवला नाही. दे म्हणायचं, सोड म्हणायचं, आणि मधल्या वेळात बोलायचं. मुलगा दिवाळीला आला होता पण दोनच दिवस राहिला. सून चांगली आहे, फोन करते. घरातलं मांजर मेलं. तुझी शिलाई मशीन कुणाला दिली नाही, तशीच झाकून ठेवली आहे. इंजिन चालू असायचं, तो मध्येच "दे" म्हणायचा, आणि रेस यायची. दोन वर्षांत तो एवढं बोलला नव्हता.

"हाव" मात्र ऐकू येत नव्हतं. बांगड्याही वाजत नव्हत्या. नवलसिंगने त्याचा दोष डाव्या कानाला दिला. आणखी एक गोष्ट होती, तिचा दोष कुणाला द्यावा ते त्याला सुचेना. "सोड" म्हटल्यावर गुलाबबाई पाय झटकन उचलायची. आता इंजिन खाली यायला वेळ लागत होता. सकाळी एखादा क्षण लागला. संध्याकाळपर्यंत तो मनात तीन मोजायला लागला होता.

पाचला जिनलचा फोन आला. "काका, गाडी झाली?"

"कॉइल नही उनी, माय," नवलसिंग म्हणाला. "सोमवारले सकायमा येई."

"सोमवारी? काका, सोमवारी सकाळी साडेआठला निघायचंय आम्हाला."

"साडेआठले तयार ऱ्हाई. मी शबद देस."

फोन ठेवल्यावर त्याचा हात खिशातल्या कॉइलवर होता. पस्तीस वर्षांच्या धंद्यात त्याने गिऱ्हाइकाची गाडी कधी अडवून ठेवली नव्हती. खोटं बोलल्याची लाज वाटली. आणि अजून एक पूर्ण दिवस मिळाला म्हणून आनंदही झाला. लाजेपेक्षा आनंद मोठा होता, हे त्याचं त्यालाही कळलं.

५

रविवारी बाजार बंद. त्याने गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं.

"दे."

रेस आली ती एकदम, धक्क्यासारखी. इंजिन कळवळलं.

"अशी नही," नवलसिंग म्हणाला. "हयू दे. गुलाब हयू देस."

हे वाक्य आपण कुणाला म्हणालो, असं त्याच्या मनात आलं. गुलाबलाच गुलाब कशी देते ते कसं सांगायचं? पण पुढच्या वेळी रेस हळू आली. त्याच्या पुढच्या वेळी अजून हळू. त्याला वाटलं, गुलाबला आठवतंय. मग वाटलं, आठवत नाहीये, कुणीतरी शिकतंय.

"सोड."

सोडलं नाही. त्याने मोजलं. पाच. सहा. बेल्टची शीळ वाजायला लागली. सात. आठ. त्याचा हात फिरत्या पंख्यापासून वीतभर अंतरावर होता. दहाला इंजिन खाली आलं.

त्याने हात मागे घेतला. मग तीन दिवस जे टाळलं होतं ते केलं. वाकून फटीतून आत पाहिलं.

स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर बोटं होती. दोन्ही हातांची, फक्त टोकं. उंच ओट्यावर काय ठेवलंय ते बघायला लहान मूल खालून हात घालून कड धरतं, तशी धरलेली. पण नखं मुलाची नव्हती. जुनी, जाड, पिवळी नखं होती, आणि मनगट जिथे असायला हवं तिथे बांगडी नव्हती.

नवलसिंगने डोळे मिटले. उघडले तेव्हा कडेवर काही नव्हतं. तो दाराशी गेला. सीट पार पुढे होती, पाठ स्टिअरिंगला टेकलेली. मध्ये हात घालायलासुद्धा जागा नव्हती.

"कोन शे?" त्याने विचारलं.

त्याला भीती वाटली, पण ती नंतर. आधी वाटलं ते हे, की दोन दिवस आपण मशीनचं, मांजराचं, सगळं सांगितलं ते गुलाबला सांगितलं नाही. ती आलीच नव्हती. ती मेली ती मेलीच आहे. नवलसिंग गिरासे साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, शटर अर्धं ओढलेल्या गॅरेजमध्ये तोंड दाबून रडला.

६

रडून झाल्यावर त्याने कॉइल बसवली. दहा मिनिटंच लागली. सीटचा दांडा आवळला, सीट मागे सारली, स्वतः बसून गाडी एकदा खांडबाऱ्याच्या चढापर्यंत नेऊन आणली. थरथर नव्हती. लोण्यावरून जावं तशी गाडी गेली.

आजार गेला तसं तेही जाईल, असा त्याचा हिशेब होता. खात्री करायला त्याने बॉनेट उचललं आणि अगदी हळू आवाजात म्हटलं, "दे."

आली. हळू, सावकाश, गुलाबबाई द्यायची तशी. आता काही उणं नव्हतं.

त्याने "सोड" म्हटलंच नाही. किल्ली काढायला धावला. सीट पुन्हा पुढे होती आणि दांडा आवळलेलाच होता.

उद्या या जागेवर जिनल बसणार, आणि मागे प्यारीबाई. वळणावर समोरून ट्रक आला आणि जिनलने पाय उचलला, तरी गाडीने सोडलं नाही तर? हे कुणाला सांगावं? मुलाला फोन करावा, तर तो आजच सुरतेला घेऊन जाईल आणि कानाच्या डॉक्टरऐवजी डोक्याच्या डॉक्टरला दाखवील. नवलसिंग अंधार पडेपर्यंत शटरपाशी बसून होता. गाडीकडे पाठ करून बसला होता.

७

सोमवारी सव्वाआठलाच रिक्षा आली. प्यारीबाईंचा चेहरा सुजलेला होता, पाय रिक्षातून काढताना जिनलला दोन्ही हातांनी धरावे लागले.

"काका, झाली ना?"

नाही झाली, एवढंच म्हणायचं होतं. दुसरी गाडी बघ, मी शोधून देतो, असं म्हणता आलं असतं. पण साडेदहाला नंदुरबार गाठायचं होतं, चौफुलीवर एकही भाड्याची गाडी दिसत नव्हती, आणि प्यारीबाईंना भिंतीला टेकूनही उभं राहवत नव्हतं. ही सगळी कारणं खरी होती. आणि खरं सांगायचं तर तेवढीच नव्हती.

"हुई गई," नवलसिंग म्हणाला. "पन मीच लई जास तुमले. तू मांगे बठ, मम्मीजवय."

"अहो काका, तुम्ही कशाला? मी चालवते ना."

"नवी कॉइल शे. आखो एक डाव मी दखी लेस. बठ तू, माय."

जिनलला बरंच वाटलं. तिने सासूचं डोकं मांडीवर घेतलं. नवलसिंगने सीट मागे सारली. आज ती मुकाट्याने मागे गेली. त्याने गाडी चालवताना नेहमी काढायचा तशा चपला काढल्या, बसला, गाडी सुरू केली, आणि अनवाणी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला.

रबर लागलं नाही. तळव्याखाली पाय होता.

गार, हाडकुळा, त्याच्या पायाच्या निम्मा. त्याने खाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय दिसलं असतं हे त्याला ठाऊक होतं: आपला पाय, पॅडल, आणि काही नाही. गाडी हळू निघाली, गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. आपण पाय दाबत नाही आहोत हे त्याला कळत होतं.

"सोड," तो अगदी हळू म्हणाला.

खालची बोटं वर वळली आणि त्याच्या तळव्याला बिलगली.

"काका, काही म्हणालात?"

"काही नही, माय."

"गाडी काय मस्त चालते हो आता," जिनल म्हणाली. "मम्मी, बघा, जरासुद्धा थरथर नाही."

काटा सत्तरवर होता, मग ऐंशीवर. चढ लागला तरी वेग कमी झाला नाही. पुढे वळण होतं आणि वळणाच्या पलीकडून ट्रकचा हॉर्न येत होता.

"भाई," मागून प्यारीबाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "जरा धीरे."

नवलसिंगने ते स्वच्छ ऐकलं. पाय उचलायचा आणि शेजारच्या ब्रेकवर ठेवायचा, एवढंच काम होतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला घट्ट धरलं होतं, आणि त्याच्याने पाय उचलवेना.